जुन्या जीपचे पाटे आणि ॲक्सल : आधी मापं, मग पाना

जुनी जीप सरळ रस्त्यावरही डावी-उजवीकडे भरकटते, चाळीस-पन्नासच्या वेगाला स्टीअरिंग थडथड उडतं, खड्ड्यात चाक गेलं की खालून धाडकन आवाज येतो. अशी गाडी गॅरेजात गेली की बहुतेक वेळा एकेक भाग बदलण्याचं सत्र सुरू होतं. आधी टाय रॉड एंड, मग शॉक ॲब्सॉर्बर, मग स्टीअरिंग डॅम्पर, शेवटी नवे टायर. खर्च होत राहतो आणि थडथड तशीच राहते. याचं कारण असं की चॅसीच्या हँगरपासून टायरच्या नक्षीपर्यंतची सगळी मापं एकमेकांवर अवलंबून असतात. पाटा बसला की ॲक्सलचा कोन बदलतो, कोन बदलला की किंगपिनवरचा भार बदलतो आणि त्याचा परिणाम टायरच्या झिजेत दिसतो. म्हणून हे काम सुटं सुटं न करता एकदाच, वरून खाली आणि क्रमाने करावं. गाडी मुळात ज्या मापांवर उभी होती त्या मापांवर तिला परत आणणं हाच या कामाचा हेतू असावा. ती उंच करायची असेल तर तो विचार त्यानंतरचा.

कोणती गाडी गृहीत धरली आहे

हा लेख महिंद्राच्या जुन्या, पुढे-मागे पाट्यांवर उभ्या असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह जीपसाठी आहे. या घराण्याचं मूळ विलीजच्या सीजे-३बी मॉडेलमध्ये आहे. अमेरिकेत १९५३ साली आलेलं हे मॉडेल तिकडे १९६८ साली थांबलं, पण आपल्याकडे महिंद्राने तोच सांगाडा पुढे कितीतरी वर्षं चालवला. वनखातं, पोलीस, पाटबंधारे आणि सातारा-कोल्हापूरकडचं वडाप, सगळीकडे याच जीप धावल्या. मूळ सीजे-३बीला पुढे स्पायसर २५ आणि मागे स्पायसर ४४ हे ॲक्सल आहेत, व्हीलबेस ८० इंच म्हणजे २०३२ मिलिमीटर आहे आणि पाटे ॲक्सलच्या खालून जातात. नंतरच्या मॉडेलांत बरंच काही बदललं. तेव्हा पुढचे आकडे सीजे-३बीचे समजा आणि आपल्या गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल शेजारी उघडं ठेवा.

पाना लावण्याआधी

सपाट फरशीवर गाडी उभी करा आणि चारही टायरमध्ये नेमून दिलेली हवा भरा. मग वही घ्या.

पहिलं माप व्हीलबेसचं. पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. एक बाजू ठळक कमी भरली तर सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल पाट्यावर सरकला आहे किंवा हँगर वाकला आहे.

दुसरं माप उंचीचं. चारही कोपऱ्यांत ॲक्सलच्या नळीपासून चॅसीच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. डावी-उजवी बाजू सारखी नसेल तर कोणता पाटा बसला आहे ते इथेच कळतं.

तिसरं माप टो-इनचं. पुढच्या दोन्ही टायरवर मधोमध खडूची रेघ मारा, रेघा पुढच्या बाजूला हबच्या उंचीवर असताना त्यांच्यातलं अंतर मोजा, गाडी पुढे ढकलून त्याच रेघा मागच्या बाजूला आणा आणि पुन्हा मोजा.

आता पुढचं चाक उचलून प्ले तपासा. एक हात टायरच्या वर, एक खाली ठेवून चाक हलवा. हललं तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष हबच्या बेअरिंगमध्ये आहे. तसाच राहिला तर किंगपिनमध्ये. मग हात डावी-उजवीकडे ठेवून हलवा, म्हणजे टाय रॉड एंड आणि बेलक्रँकची ढिलाई समजते. सीजे-३बीमध्ये टाय रॉड दोन तुकड्यांत असून मध्ये बेलक्रँक आहे. त्याची पिन झिजली असेल तर बाकी सगळं नवं घालूनही स्टीअरिंग ढिलंच राहतं.

ही पाहणी झाल्याशिवाय सामान आणायला जाऊ नका. पुण्यात नाना पेठ असो की मुंबईत कुर्ला, दुकानात वहीतली यादी घेऊन जा आणि नमुन्याला जुना भाग सोबत न्या. जुन्या जीपमध्ये आधीच्या मालकांनी दुसऱ्याच मॉडेलचे भाग बसवलेले असू शकतात. त्यामुळे केवळ मॉडेलच्या नावावर मागितलेली वस्तू बसेलच असं नाही.

जिवाची काळजी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तिच्या खाली झोपण्यासाठी नाही. चॅसीखाली दोन्ही बाजूंना भक्कम घोड्या लावा आणि गाडी जोराने हलवून बघा. ती जागची हलली नाही तरच खाली जा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावू नका, ते सूचना न देता फुटतात. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून अडण लावा. एका वेळी एकच ॲक्सल उघडा, म्हणजे दुसरा नमुना म्हणून समोर राहतो. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर ती हवेने उडवू नका, पाण्याने ओली करून पुसून काढा.

पाटे

यू-बोल्टचे नट गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, तरी सुटले नाहीत तर सरळ कापा. यू-बोल्ट, त्यांचे नट आणि सेंटर बोल्ट हे एकदाच वापरायचे भाग समजा. ताणलेल्या यू-बोल्टचे आटे दुसऱ्यांदा तसाच दाब धरत नाहीत.

पाट्यांचा जुडगा खाली आल्यावर सेंटर बोल्ट लगेच सोडू नका. सगळे पाटे ताणाखाली एकत्र धरलेले असतात. बोल्ट निघाला की ते उसळतात. आधी जुडगा मोठ्या शिकंजात पकडा, मग बोल्ट काढा आणि शिकंजा हळूहळू ढिला करा. क्रम, डावी-उजवी बाजू, पुढचं-मागचं टोक, सगळ्यावर खुणा करा आणि मोबाइलवर फोटो काढा.

प्रत्येक पाटा वायर ब्रशने चकचकीत करून उजेडात बघा. सेंटर बोल्टच्या भोकाजवळ आणि वरच्या पाट्याचं टोक खाली घासतं त्या जागी तडे जातात. तडा गेलेला पाटा बदलायचाच. त्याला वेल्डिंग करून घेऊ नका. पाट्याचं पोलाद कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी त्याचा गुण जातो आणि पाटा शेजारीच तुटतो. गाडी पाट्यांवर असताना जवळपास दुसरं कसलं वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही पाटे झाका, उडालेल्या ठिणगीच्या डागातून नवा तडा सुरू होतो.

पाटे शाबूत आहेत पण बसले आहेत, तर कमान परत चढवता येते. मेन पाट्याच्या दोन्ही वळवलेल्या टोकांतून दोरी ताणून मध्याशी खोली मोजा आणि दोन्ही बाजूंची तुलना करा. कमान चढवण्याचं काम अनुभवी पाटेवाल्याकडून, पाटा थंड असतानाच ठोकून करून घ्या. भट्टीत लाल करून वाकवला तर त्याला पुन्हा पाणी देऊन नीट कडक करावं लागतं. हे न करता दिलेला पाटा काही दिवसांत पुन्हा बसतो. घरी आणल्यावर मापं पुन्हा घ्या.

जोडताना पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या, बाजूच्या क्लिप बदला. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. गाडी सरळ चालणं याच एका डोक्यावर ठरतं.

शॅकल आणि उंचीचा मोह

सीजे-३बीच्या मूळ शॅकलला आट्यांचे बुश असतात आणि त्यांत उजव्या व डाव्या आट्यांचे दोन्ही प्रकार येतात. कोणता कुठला ते उघडतानाच लिहून ठेवा, नाहीतर जोडताना जबरदस्ती होऊन आटे जातात. हे बुश ग्रीसवर जगतात. निपल बंद असेल तर बदला आणि नवं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारा. रबरी बुश असतील तर त्यांना ग्रीस लावू नका.

आता उंचीबद्दल. लांब शॅकल लावून गाडी उचलणं स्वस्त पडतं, म्हणून ते सर्रास केलं जातं. त्याचा हिशेब बघा. सीजे-३बीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला आहे आणि पाट्याची लांबी साधारण ९२० मिलिमीटर आहे. शॅकल ५० मिलिमीटरने लांब केली की पाटा चॅसीच्या मानाने सुमारे ३ अंश पुढे झुकतो आणि त्याच्यासोबत ॲक्सलही. या गाडीचा मूळ कॅस्टर ३ अंशच आहे. म्हणजे वळणानंतर चाकं आपोआप सरळ करणारा कोन जवळपास संपूनच जातो. मग गाडी भरकटते आणि दोष स्टीअरिंग बॉक्सला दिला जातो.

पाट्यावरची बैठक उलटी करून पाटे ॲक्सलच्या वर नेण्याने उंची आणखी वाढते, पण त्यासोबत ड्रॅग लिंकचा कोन, ब्रेकचे होज, प्रोपेलर शाफ्टचे सांधे आणि ब्रेक मारल्यावर ॲक्सलला बसणारा पीळ हे सगळे प्रश्न नव्याने उभे राहतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी नेताना हा मुद्दा समोर येतो. सह्याद्रीतल्या बहुतेक वाटांना मूळ उंचीची जीप पुरते, अट एवढीच की पाटे मोकळेपणाने खाली-वर होत असावेत.

मूळ उंचीवरही कॅस्टर कमी भरला तर ॲक्सलची बैठक आणि पाटा यांच्या मध्ये पोलादी पाचर घालता येते. पाटा ॲक्सलच्या खाली असताना पाचरीची जाड बाजू पुढे ठेवली की कॅस्टर वाढतो.

पुढचा ॲक्सल : नकल, किंगपिन, हब

या कामाचा गाभा इथे आहे. या ॲक्सलच्या टोकांना गोल कवच असतं, त्यावर नकल फिरते आणि आतून शाफ्टचा सांधा चाकापर्यंत जातो. कवचाखालून पातळ काळं तेल टपकत असेल तर आतलं ऑइल सील गेलं आहे. डिफरन्शियलचं तेल नकलमधल्या ग्रीसमध्ये मिसळून बाहेर पडत आहे आणि लवकरच ते ब्रेकवर जाईल. नुसतं बाहेरचं फेल्ट बदलून ही गळती थांबत नाही.

हब उघडताना दोन नट आणि त्यांच्या मधलं वाकवलेलं लॉक वॉशर भेटेल. छिन्नीने नट ठोकून फिरवू नका, योग्य मापाचा खोल सॉकेट मिळवा. स्टब काढून शाफ्ट सांध्यासकट बाहेर ओढा. सांधा चारही दिशांना वाकवून बघा, कुठे अडखळला तर क्रॉस बदला.

किंगपिनची टेपर बेअरिंग काढण्याआधी नकल हाताने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सरळ स्थितीत येताना ती एखाद्या खळग्यात बसल्यासारखी वाटली तर बेअरिंगच्या कपात खड्डे पडले आहेत. वर्षानुवर्षं गाडी सरळ चालताना सगळे धक्के त्याच जागी बसतात. अशा वेळी कप आणि कोन दोन्ही बदला. नुसता कोन बदलला तर जुन्या कपातले खड्डे त्यालाही लवकर खराब करतील.

नवीन बेअरिंग बसल्यावर शिम काढून-घालून त्यांच्यावरचा ताण ठरवायचा. शिम काढली की बेअरिंग घट्ट होतं. फेल्ट आणि शाफ्ट न बसवता, नकलच्या हाताच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढा आणि नकल हलायला लागते तेव्हाचा आकडा मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवा. अंदाजाने घट्ट केलेलं किंगपिन हे थडथडीचं फार मोठं कारण आहे. इथला दोष तसाच ठेवून डॅम्पर लावला तर थडथड दबते, पण आतली झीज चालूच राहते.

गोल कवचाच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे असतील तर नवं फेल्टही काही दिवसांत फाटतं. बारीक पॉलिश पेपरने ते घासून गुळगुळीत करा. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत हे हमखास पाहावं लागतं.

हबची बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण सुकवा. हवेच्या झोताने ती गरगर फिरवू नका. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, रोलरच्या मधून ग्रीस वर आलं की काम झालं. आतला नट चाक जड फिरेपर्यंत आवळा, मग एक षष्ठांश फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण हलता कामा नये. मग लॉक वॉशर, दुसरा नट आणि वॉशरची कड वाकवणं.

डिफरन्शियल : उघडायचं की नाही

तेल बदलण्यासाठी बुच काढा आणि खाली आलेलं तेल बघा. चुंबकाला बारीक काळी लुगदी चिकटली तर ती नेहमीची झीज आहे. चकचकीत कपच्या किंवा दाताचा तुकडा आला तर उघडावंच लागेल. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे.

त्याआधी पुढच्या-मागच्या ॲक्सलचं प्रमाण जुळतं का ते पाहा. सीजे-३बीला दोन्हीकडे ५.३८ आहे, म्हणजे क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात. इतर मॉडेलांत दुसरी प्रमाणंही आढळतात आणि भंगारातून आणलेला ॲक्सल त्यातला असू शकतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, एकच चाक उचला आणि ते पूर्ण दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे फिरेल तितकं त्या ॲक्सलचं प्रमाण. दोन्ही ॲक्सलमध्ये फरक असताना कठीण जमिनीवर फोर व्हील लावली तर ट्रान्सफर केस आणि शाफ्ट यांच्यावर घातक ताण येतो.

क्राऊन-पिनियन बसवणं हे घरचं काम नाही. दोघांतला बॅकलॅश डायल गेजवर साधारण ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर यावा लागतो आणि दातांवर ब्ल्यू लावून खुणा दाताच्या मध्यावर उमटतात का ते पाहावं लागतं. हे डायल गेज लावून करणाऱ्या मिस्त्रीकडेच द्या आणि ब्ल्यूची खूण स्वतः पाहून घ्या. क्राऊन आणि पिनियन ही जोडी म्हणूनच बदलायची. तेल हायपॉइड गिअरसाठीचं, ९० नंबरचं घाला आणि ॲक्सलवरचा ब्रीदर साफ करा. तो बंद असेल तर गरम तेलाचा दाब नवी सीलसुद्धा बाहेर ढकलतो.

मागचा ॲक्सल

मागचा हब टेपर शाफ्टवर चावीने बसतो आणि तो निघायला जड असतो. पुलर लावताना शाफ्टचा नट पूर्ण काढू नका, काही आट्यांवर ठेवा. हब सुटतो तेव्हा तोफेच्या गोळ्यासारखा येतो आणि तो नट त्याला अडवतो. परत बसवताना टेपर कोरडा, स्वच्छ ठेवा, ग्रीस लावू नका. नट किमान २०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट आणखी पुढे न्या, मागे कधीच घेऊ नका. ढिल्या हबमध्ये चावी कापली जाते आणि पुढचा धोका चाक निघण्याचा असतो. थोडं चालवून हा नट पुन्हा तपासा.

ड्रम उघडा आहेच, तर व्हील सिलिंडर आणि होज बघून घ्या. तेलाने भिजलेले लायनर धुऊन वापरू नका, ते बदला.

जोडणी

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरल्यावरच घट्ट करा. हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. यू-बोल्टचे चारही नट तिरपे, आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. मग सुरुवातीची सगळी मापं पुन्हा घ्या. टो-इन सव्वा ते अडीच मिलिमीटरच्या मध्ये हवा, म्हणजे रेघांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा तेवढं कमी असावं. टाय रॉड दोन तुकड्यांत असेल तर आधी बेलक्रँक मध्यावर आणा आणि दोन्ही चाकं वेगवेगळी सरळ करा.

पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून चारही हबला हात लावा. एखादा इतरांपेक्षा जास्त गरम असेल तर तिथे बेअरिंग घट्ट आहे किंवा ब्रेक घासतो आहे. शंभरएक किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळा, कारण नवे पाटे एकमेकांवर बसतात तेव्हा बोल्ट ढिले पडतात.

पावसाळ्यात ओढ्यात उतरणार असाल तर ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच न्या. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाण्यातून बाहेर आल्यावर त्याच आठवड्यात तेल पाहा आणि शॅकल, किंगपिन, टाय रॉड यांना नवं ग्रीस मारा.

पैसे बेताचे असतील तर

एकदम सगळं करणं शक्य नसेल तर क्रम असा ठेवा. पहिला खर्च ब्रेक आणि मागच्या हबवर, कारण तिथली चूक जिवावर येते. दुसरा किंगपिन, हब बेअरिंग, बेलक्रँक आणि आतल्या सीलवर. तिसरा पाटे, यू-बोल्ट आणि शॅकलवर. शॉक ॲब्सॉर्बर चौथे. मोठे टायर, रंग आणि वजनदार बंपर यांचा विचार त्यानंतर करा. बंपर आणि विंच यांचं वजन पुढच्या पाट्यांवर येतं, म्हणून ते बसवल्यावर उंची आणि टो-इन पुन्हा मोजावे लागतात.

प्रत्येक आकडा तारखेसह वहीत राहू द्या. पुढच्या वर्षी त्याच फरशीवर गाडी उभी करून तीच मापं घ्या, म्हणजे कोणता भाग झिजायला लागला आहे हे तो तुटण्याआधी कळेल.